पुरळ उठण्याआधीचे दिवस

शाळेच्या फाटकाशी मुंगीच्या वर्गशिक्षिकेने तिची हनुवटी दोन बोटांत धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि विचारलं, "कुणी मारलं का गं तुला?" आणि मुंगीने जराही न अडखळता सांगितलं, "आईने."

शाळा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. फाटकाशी अजून सुरुवातीच्या दिवसांची सगळी गडबड होती. पाठीवर उभी राहणारी नवी कडक दप्तरं, टाचेला चावणारे नवे बूट, आणि पोरांपेक्षा जास्त रडवेले आईबाप. मुंगीची आई तिची पाण्याची बाटली दप्तराच्या कप्प्यात कोंबायला वाकली होती. पाचवा महिना लागल्यापासून वाकलं की पटकन उठता येत नसे, त्यामुळे ते उत्तर तिने वाकूनच ऐकलं. आधी वाटलं, दुसऱ्याच कुठल्या तरी आईबद्दल चाललंय. मग तिने मुंगीकडे पाहिलं. दोन्ही गाल लालभडक झाले होते, कडा स्पष्ट, कुणीतरी दोन्ही बाजूंनी एकेक ठेवून दिल्यासारखे. नाकाभोवती आणि ओठांभोवती मात्र पांढरं. सकाळी न्हाणीघराच्या पिवळ्या दिव्यात हे गाल तिनेच धुतले होते, आणि गरम पाण्याने लाल झाले असतील म्हणून सोडून दिले होते. "मी नाही मारलं," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला वर्गात उभं केलेल्या मुलीसारखा वाटला. "हो, हो," बाई म्हणाल्या. "तसं काही नसेलच. पण घरात बाळ येणार असलं की थोडी ओढाताण होते. काही वाटलं तर बोला हं माझ्याशी." शेजारच्या एका बापाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याने ऐकलं होतं हे त्याच्या मानेवरून कळत होतं. मुंगी आत गेली, आणि नेहमीप्रमाणे वळून हात हलवायला विसरली नाही.

बसमध्ये जागा मिळाल्यावर तिने उजव्या हाताचा तळवा उघडून पाहिला. तळव्यात काय दिसणार होतं? पण तिने पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला. आदल्या संध्याकाळी दोघी वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालत बसल्या होत्या. मुंगीने एक अख्खा कागद तिरका कापून वाया घालवला, चिकटपट्टीची गुंडाळी केसांत अडकवून घेतली आणि वर विचारलं, "बाळाच्या वह्यांना पण तूच घालणार कव्हरं?" तेव्हा आपण ओरडलो. एक काम धड करशील तर शपथ, असं काहीतरी. एवढं नक्की. मग हात वर गेला होता का? गेला होता. केस मागे सारायला गेला होता, की दुसऱ्या कशाला? तिने तो क्षण पुन्हा उभा करून पाहिला, तेव्हा हात थोडा जास्त वर गेलेला दिसला. तिसऱ्यांदा पाहिला तर तो खाली येत होता. तिने घाईघाईने डोळे उघडले. आठवण हे किती वाईट यंत्र आहे हे तिच्या पेशामुळे तिला चांगलं माहीत होतं. तुम्ही जितक्यांदा वाचन घ्याल तितक्यांदा काटा थोडा सरकतो, आणि शेवटी तुम्हाला जे वाचायची भीती असते नेमकं तिथे येऊन थांबतो.

ती वजनं तपासायची. सोनारांची, औषधांच्या कारखान्यांची, दवाखान्यांची वजनं मखमलीच्या खाचांतून तिच्या प्रयोगशाळेत येत, आणि ती ती वजनं काचेच्या दारांआडच्या तराजूवर ठेवून प्रमाण वजनाशी ताडून पाहत असे. त्या खोलीत पंखा नव्हता, कुणी मोठ्याने बोलत नसे, तराजूसमोर श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा. वजनाला हात म्हणून लावायचा नाही. टोकांना मऊ आवरण असलेल्या चिमट्याने उचलायचं, चिमट्यानेच ठेवायचं. बोटाचा ठसा दिसतही नाही, पण त्याला वजन असतं. ती नवी होती तेव्हा एकदा घसरणारं वजन तिने बोटाने सावरलं होतं, आणि तिचे साहेब, एरवी कोपऱ्यात शेंगदाणे खात बसणारा आळशी माणूस, तिथूनच म्हणाले होते, "हात लावलास की ते वजन राहत नाही. त्यात तू येतेस." तिला हे काम आवडायचं. त्यातला एक नियम तर तिला कधी कधी माणसांच्या नियमांपेक्षा जास्त न्यायाचा वाटे. एखादं वजन चुकीचं निघालं तर ते आज बिघडलं असं धरायचं नाही. मागच्या तपासणीनंतर दुसऱ्याच दिवशी बिघडलं असणार असं धरायचं, आणि मधल्या काळात त्यावर जे जे तोललं गेलं त्या सगळ्यावर शंका घ्यायची. चूक सापडते आज. ती झालेली असते आधीच.

दुपारी मुंगीच्या बाईंचा फोन आला. ती चिमटा खाली ठेवून बाहेरच्या व्हरांड्यात गेली. "अहो, आधी मला माफ करा हं," बाई म्हणाल्या. "मारलेलं नाहीये ते. माझंच तोंड फार चालतं. वर्गातल्या आणखी दोन मुलांचे गाल अगदी तस्सेच आलेत. साथीचं पुरळ आहे म्हणे, शाळा उघडली की येतंच काही ना काही. पोरांना त्याचं काही नसतं. फक्त तुम्ही... म्हणजे तुमच्या या दिवसांत... डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढंच." पहिल्या वाक्यांनी तिला इतकं हलकं वाटलं की शेवटची वाक्यं तिने हसत हसतच ऐकली. अजिबात काळजी करू नका, असं तीच बाईंना म्हणाली. फोन ठेवल्यावरही ते हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते तिला जाणवलं, आणि ते काढून कुठे ठेवावं हे कळेना.

प्रसाधनगृहात दाराला पाठ लावून उभी राहून तिने मोबाइलवर वाचलं. तिला वाचता येत होतं हीच अडचण. दुसरी एखादी बाई दोन ओळी वाचून घाबरली असती नाहीतर दोन ओळी वाचून निर्धास्त झाली असती. ही खालपर्यंत वाचत गेली. रक्त जिथे तयार होतं तिथेच हा विषाणू जाऊन बसतो. मुलांना गालांवर लाली, मोठ्यांना थोडे सांधे दुखणं, आणि गर्भातल्या बाळाला बहुतेक वेळा काहीच नाही. क्वचित मात्र त्याचं रक्त बनणंच थांबतं, अंगात पाणी साठतं, आणि क्वचित त्याही पलीकडचं. 'क्वचित' हा शब्द तिने पुन्हा पुन्हा वाचला. हा शब्द लिहिणारा माणूस तराजूच्या त्या बाजूला बसलेला असतो, तिने मनात म्हटलं. या बाजूला बसलेल्या माणसाच्या पारड्यात एकच वजन असतं, ते थोडंसं पडत नाही. पडतं किंवा पडत नाही. आणि मग ते वाक्य आलं, सगळ्यात साध्या शब्दांतलं: गालांवर लाली येईपर्यंत मूल इतरांना आजार देईनासं झालेलं असतं, तो देण्याचे दिवस त्याआधीचे, साध्या सर्दीसारखे दिसणारे.

म्हणजे मधले दिवस. ती दाराला टेकलेलीच राहिली आणि मागे मागे जाऊ लागली, जशी कामावर गेली असती तशीच. ज्या दिवशी मुंगीचं नाक वाहत होतं आणि रुमाल सापडेना म्हणून तिने आपल्या बाहीने पुसलं होतं. ज्या दिवशी मुंगीने अर्धं चावलेलं बिस्कीट "हे जळकं आहे, तू खा" म्हणून तिच्या तोंडात घातलं होतं, आणि तिने ते मजेत खाल्लं होतं. ज्या रात्री नव्या शाळेच्या धसक्याने मुंगीला झोप येत नव्हती आणि ती तिच्या मानेत नाक खुपसून, गरम, ओला श्वास सोडत पडून होती, आणि पोटातल्या बाळाला ऐकू जावं म्हणून खाली सरकून पोटावर तोंड ठेवून बडबडगीत म्हणत होती. ते दिवस तिला या वर्षातले सगळ्यात चांगले दिवस वाटले होते. आता एकेक दिवस चिमट्याने उचलून पाहावा तसा ती पाहत होती, आणि प्रत्येकावर बोटांचे ठसे होते.

"रक्त घेऊ या," तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या इतक्या घाईत होत्या की त्यांची घाईच धीर देणारी वाटली. "निम्म्याहून जास्त जणींना हे लहानपणी होऊन गेलेलं असतं, पत्ताही नसतो. होऊन गेलं असेल तर प्रश्न मिटला, परत होत नाही, बाळाला काही नाही."

"आणि गेलं नसेल तर?"

"तर लक्ष ठेवू. सोनोग्राफी करत राहू. आधीच नका रडू."

"मी रडत नाहीये. मुलीला तोवर दूर ठेवू का?"

"आता कशाला? तिचं द्यायचं ते देऊन झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

तिचं द्यायचं ते देऊन झालंय. घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्याबरोबर चालत आलं. अर्थ तिला पूर्ण कळला होता. आता मुंगीला पोटाशी धरलं काय नि दुसऱ्या खोलीत ठेवलं काय, फरक शून्य. तरीही संध्याकाळी मुंगी धावत आली तेव्हा तिचा हात आपोआप पुढे झाला, तळवा उभा, रस्त्यात गाडी थांबवावी तसा. "थांब. लांबूनच सांग." मुंगी थांबली. धोका होता तेव्हा आपण तिला कुशीत घेऊन झोपलो, आणि आता नाही तर अडवतोय, हे तिला कळत होतं. डोक्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं, आणि हातच पुढे जात होता. त्या दिवसापासून मुंगीची वाटी, पेला, टॉवेल वेगळे झाले. मुंगी बापाच्या पलीकडे झोपू लागली. मोठ्यांना नवा नियम अंगवळणी पडायला महिना लागतो, पोरं दुसऱ्या दिवशी त्यात राहायला जातात. आई बसलेली असेल त्या सतरंजीच्या कडेला मुंगी येऊन उभी राहायची, पायांची बोटं कडेला लावायची आणि तिथूनच शाळेतलं सगळं सांगायची. तिचे गाल दोन दिवसांत उतरले. लाली हातांवर गेली, जाळीसारखी नक्षी उमटवून तिथूनही गेली. मुलीला त्याचं काही नव्हतं. बाईंनी म्हटल्याप्रमाणे.

नवरा बुटांच्या दुकानात होता, आणि हे दिवस म्हणजे त्याच्या धंद्याची सुगी. दिवसभर गुडघ्यावर बसून तो पोरांची पावलं लाकडी मापावर ठेवायचा, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडायचा, वाढत्या पायांच्या पोरांच्या आयांशी हुज्जत घालायचा, आणि पॉलिशचा नि पुठ्ठ्याचा वास घेऊन घरी यायचा. बाळाला तो 'शून्य नंबर' म्हणायचा. दुकानातला सगळ्यात छोटा जोड तो. "आज एका पोराने बूट फेकून मारला मला," तो जेवताना म्हणाला. "बरोब्बर त्याच्याच नंबरचा होता, हे विशेष. म्हटलं, मॅडम, हाच पॅक करू का?" मुंगी खिदळली. तिची आई त्याच्या हातांकडे बघत होती. दिवसात किती पोरांचे पाय, किती पोरांची नाकं, किती शिंका. तिने तर याचा विचारच केला नव्हता. मुंगीनेच आणलं कशावरून? "काय म्हणतोय शून्य नंबर?" त्याने विचारलं. "काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "आज दुपारपासून काहीच म्हणत नाहीये." तो घास हातात धरून थांबला. "अगं, झोपलं असेल. माझ्यावर गेलं असेल." मग आवाज खाली आणून, "तू नको ना सारखी मोजत बसूस." पण ती मोजत नव्हती. ती ऐकत होती. नुकतीच कुठे ती हालचाल कळू लागली होती, आतून कुणी पापणी मिटल्याएवढी, आणि एवढ्या छोट्या गोष्टीच्या नसण्याची खात्री कशी करायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तराजूत काही नसलं तर तो शून्य दाखवतो. इथे असण्याचं नि नसण्याचं वाचन एकच होतं.

"ए मुंगे," नवरा विषय बदलायला म्हणाला, "आईने कधी मारलंय तुला?"

"नाही."

"मग बाईंना का सांगितलंस?"

मुंगीने बापाकडे असं पाहिलं की जणू तोच मंद आहे. "बाईंनी विचारलं, कुणी मारलं. मग कुणाचं तरी नाव सांगायला नको?"

नवऱ्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "वकील होणार ही! फी आत्तापासून साठवायला हवी." मुंगी त्याचं हसू संपायची वाट बघत थांबली. मग पेल्यातलं पाणी चमच्याने ढवळत, आईकडे न बघता म्हणाली, "बाळाला माझं लागलं का?"

"नाही," ती म्हणाली. पण 'नाही'च्या आधी एक थांबा गेला. अगदी लहान. एवढ्या वेळात तराजूसुद्धा स्थिर होत नाही. तो थांबा मुंगीने ऐकला हे तिने पाहिलं. मुलीने मान हलवली, आणि पेला उचलून स्वतःच धुवायला घेऊन गेली.

नंतरचे दिवस गेले म्हणजे कसे, ते तिला सांगता आलं नसतं. रोज सकाळी मुंगीचा डबा, वेणी, बूट. वेणी घालताना ती मान जरा मागे घ्यायची. कामावर प्रमाण वजन ठेवून, काचेची दारं लावून ती आकडा थांबायची वाट बघत बसायची. बसमध्ये शिंकणारी पोरं, फाटकाशी एकमेकांच्या बाटल्यांना तोंड लावणारी पोरं, सगळीकडे पोरंच पोरं, आणि तिला वाटायचं की हे सगळं शहर सकाळच्या वेळी आपल्या पोरांकरवी कसलीशी देवाणघेवाण करतं, आणि मोठ्यांना त्यातलं काही कळत नाही. पोटात हालचाल पुन्हा सुरू झाली तेव्हाही तिला आनंद झाला नाही. उलट भीतीला एक ठिकाण मिळालं. आता ती प्रत्येक हालचालीत जोर आहे की नाही हे बघू लागली. रक्त कमी असलेलं बाळ कसं हलत असेल? हळू? एकदा नवऱ्याने पोटावर हात ठेवला आणि तिने तो उचलून बाजूला केला, कारण त्याच्या हाताखाली तिला नीट ऐकू येत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन आला. नवरा दुकानात होता; या दिवसांत त्याला सुट्टी नसायची. "जुनं आहे तुमचं," डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली. "म्हणजे काय?" "म्हणजे लहानपणी कधीतरी होऊन गेलेलं. नव्याने काही नाही. मॅडमनी सांगितलंय, आता आरामात झोपा म्हणावं." तिने नवऱ्याला फोन केला. फोनमधून त्याचा दुकानभर घुमणारा आवाज ऐकू आला, "अहो ताई, तुम्हाला दोन्ही जोडांवर सूट! विचारू नका का ते!" मग त्याला रडू फुटलं असावं, कारण फोन बंद झाला. ती पलंगावर बसली. छातीवरचं काहीतरी उठून गेलं खरं, पण ते गेल्यावर तिथली जागा तशीच दबलेली राहिली. नव्याने काही नाही. जुनं आहे. सवयीने तिने विचार पुढे नेला, कारण चूक असो वा नसो, वाचन मिळालं की मागच्या तारखेकडे जायचं हेच ती शिकली होती. जुनं म्हणजे कधीचं?

लहानपणी शाळेत घातल्यावरच असणार, आधी ती कुणात मिसळलीच नव्हती. आणि त्याच वर्षी तिची आई पोटुशी होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते बाळ का गेलं तेही माहीत होतं. घर वरच्या मजल्यावर होतं. शाळेतून दमून आलेली ही हट्टाला पेटली, आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही आईने हिला कडेवर घेऊन जिना चढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते बाळ गेलं. आजी म्हणजे वडिलांची आई कुणीही आलं की हे सांगायची, आईच्या देखत सांगायची: "एवढं बजावलं होतं, पण ऐकेल तर ना! चढली जिना घोडी कडेवर घेऊन." आई भाजी चिरत असायची, मान वर करायची नाही. वर्षानुवर्षं. म्हणूनच तर आता दर फोनला आईचा पहिला प्रश्न असायचा, "तिला उचलत नाहीस ना?"

तिने आईला फोन लावला. तो लावताना ती सुटका करायला निघाली होती, आईची. भीती वाटत होती ती दुसऱ्या गोष्टीची, की आईला सोडवायचं तर त्या जागी कुणाला तरी बसवावं लागेल.

"रिपोर्ट आला का?" आईने उचलताच विचारलं.

"आला. चांगला आहे. मला लहानपणीच होऊन गेलंय, म्हणून बाळाला धोका नाही."

"सुटलो बाई. आता पोटभर जेव. आवाज किती ओढलाय तुझा."

"आई, माझ्या गालांवर पुरळ कधी आलं होतं गं? शाळेत जायला लागले तेव्हा?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. "पोरांना काय, येतच असतं काही ना काही. एवढं कुणाच्या लक्षात राहतं?" आईच्या. कोणत्या शेजारणीने कोणत्या साली कोणतं भांडं नेलं आणि झाकणाशिवाय परत केलं, हे आईच्या लक्षात होतं.

"आई, ऐक. जिना चढल्याने तसं होत नाही. कुणालाच होत नाही. तुला एवढंच सांगायचं होतं."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"जिन्याचं." आई खुर्चीवर बसल्याचा आवाज आला. "तेव्हाच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्यांनी लगेच विचारलं, घरात कुणाला पुरळ-बिरळ येऊन गेलं का हल्ली. तुझी आजी माझ्या शेजारीच बसलेली."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, नाही बुवा. मी म्हटलं, जिना चढले. तू एवढीशी. आणि आजीचं तोंड तुला ठाऊक आहे. जन्मभर तुला बोल लावला असता त्यांनी. मला काय, माझी कातडी जाड."

खोलीत दुपारचा उजेड होता, पलंगावर धुतलेले कपडे पडले होते, आणि त्या सगळ्यात एकदम ती स्वतः कुठेतरी खूप लहान होऊन आईच्या कडेवर बसली होती. तापलेला गाल आईच्या मानेवर ठेवून, आईच्या पोटावर पाय आपटत. आई जिना चढत होती. आईचा श्वास लागला होता. ही आईच्या तोंडावर श्वास सोडत होती.

"हे मुंगीपाशी कधी बोलू नकोस," आई म्हणाली. "तिला जवळ घेतेस ना? का अजून तेच?"

तिने मान वर केली. मुंगी दारात उभी होती, हातात रंगाची पेटी. किती वेळ उभी होती कोण जाणे. उंबऱ्याच्या अलीकडे तिने पाऊल टाकलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली.

"आता चालतं?"

"हो."

मुंगी आली, पण धावली नाही. हात लांब केला तर पोचेल न पोचेल एवढ्यावर येऊन ती आपणहून थांबली, आणि वाट बघत राहिली. उरलेलं अंतर तिच्या आईनेच कापायचं होतं. तिने फोन पलंगावर ठेवला, उठली, आणि काही ठरवायच्या आत मुलीच्या काखांत हात घालून तिला वर घेतलं. मुंगी जड झाली होती. या थोड्या दिवसांतच जड झाली होती. पाय पोटाला लागू नयेत म्हणून मुलीने ते बाजूला ताठ धरले, गाल जवळ आणला आणि श्वास रोखला.

"सोड श्वास," ती म्हणाली. "सोड गं."

मुंगीने श्वास सोडला. तो मानेला लागला तशी ती नखशिखांत शहारली, आणि तिने मुलीला आणखी घट्ट धरलं. पलंगावरच्या फोनमधून आईचा आवाज येत होता, बारीक, घाबरा. "हॅलो? अगं, हॅलो? उचललंस की काय तिला? ऐकतेस ना? खाली ठेव. आधी खाली ठेव तिला."